उसनं कारण

ब्रॅकनफर्ड, मॅसॅच्युसेट्स
३ सप्टेंबर १६३६

प्रिय टॅमसिन,

हे पत्र वाचताना हातातलं काम खाली ठेव, कारण मला तुझ्याकडून एक वस्तू उसनी हवी आहे. बियाणं नको, लोकर नको. मी इंग्लंड का सोडलं, याचं एक चांगलंसं कारण हवं आहे.

हसू नकोस. माझं घोडं नेमकं इथेच पेंड खातंय. या गावात मंडळीचा, म्हणजे इथल्या चर्चचा, सभासद झाल्याशिवाय माणसाला कशातही मत नाही. आणि सभासद व्हायचं तर सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागतं की मी कोण, माझ्या मनात काय चाललं होतं आणि देवाने मला घरदार सोडायला लावून इथे का आणलं. लोक फार सुरेख सांगतात. एकजण दुसऱ्या गावच्या पाळकाचं प्रवचन ऐकायला गेला म्हणून तिकडे इंग्लंडात दंड भरून आला आहे. एका विणकराचे माग बंद पडले आणि रिकाम्या मागापुढे बसला असताना त्याला देवाचं बोलावणं ऐकू आलं. मला वाटतं ते भुकेचं असावं, पण तो रडला आणि आम्हीही रडलो. गेल्या महिन्यात माझी पाळी आली. टोपी हातात घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, मी शुद्ध धर्मासाठी आलो. आमचे पाळक क्रॅनफील्डसाहेब गोड माणूस आहेत. त्यांनी गोड आवाजात विचारलं, तिकडची कोणाची प्रवचनं तुमच्या मनाला भिडली? मला एकही आठवेना. आपल्या चर्चमध्ये मी खांबामागे बसायचो, आणि तिथे डुलकी काढली तर कोणाला दिसत नाही, हे तुला ठाऊक आहे. पाळक म्हणाले, घाई नाही, मन नीट तपासून पुन्हा या.

आता मन तपासलं तर सापडतं काय? यायचं ठरलं होतं तुझं. जहाजातली जागा तुझी, पेटी तुझी, भाडं भरून झालेलं. निघायच्या आठवड्यात आई जिन्यावरून पडली, कंबरेचं हाड मोडलं आणि तू मागे राहिलीस. आणि आई खाटेवरून म्हणाली, भरलेलं भाडं फुकट घालवायचं नाही, अँब्रोज जाईल. आपल्या घरात शिळा पाव टाकत नाहीत, तिथे जहाजातली जागा कोण टाकणार. बोस्टनला उतरून पेटी उघडली तर आत चीजचा लाकडी दाब, चीज गाळायची फडकी, लोण्याचा ठसा आणि तुझे दोन झगे. गाय नव्हतीच. दीड वर्ष झालं, अजून गावात मला गवळणबाई म्हणतात.

गाय आहे ती शेजारणीकडे. मेहिटेबल पोप तिचं नाव. विधवा आहे, नवरा पहिल्याच वर्षी ओंडके वाहून नेताना नदीत बुडाला. तिच्याकडे गाय आणि माझ्याकडे दाब, यावरून ओळख वाढली. आता मी तिला लग्नाचं विचारलं आहे. ती म्हणाली, "माझा भाऊही इथे का आला ते त्याला सांगता येत नव्हतं. गेल्या वर्षी तो परतीच्या जहाजात चढला, तेव्हाही सांगता आलं नाही. जो का आला ते सांगू शकत नाही, तो कधी जाईल तेही सांगू शकत नाही. तुमचं कारण सांगा, मग बोलू." आणि बाई शब्दाची पक्की आहे.

म्हणून तायडे (काम असलं की तायडे, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणतो), तुझं कारण मला दे. वर्षभर तू जायच्या गोष्टी करत होतीस, पण का जायचंय ते कधी बोलली नाहीस. चांगलंच असणार. आणि तुझ्याकडे ते आता तसंही पडून आहे.

तुझा
अँब्रोज


लिटल हॅडलो, सफोक
२० मार्च १६३७

अँब्रोज,

पडून आहे म्हणे. माझी पेटी नेलीस, दाब नेलास, झगे नेलेस (त्यांचं काय केलंस ते सोयीस्करपणे लिहिलं नाहीस), आता कारणही हवं. ते मिळणार नाही. दुसरं काहीही माग.

तरी बहीण आहे, तेव्हा तुझं मन तुझ्याऐवजी मी तपासून बघितलं. गाव म्हणतं की आपल्याकडच्या रिवाजाने घर आणि जमीन धाकट्याला मिळते, नेडला सगळं जाणार, म्हणून थोरला रुसून गेला. मी सगळ्यांना सांगते, नेड जन्मला तेव्हा सर्वांत जास्त अँब्रोजच नाचला होता, कारण आता नांगर जन्मभर त्याच्या मागे लागणार नव्हता. विणकरासारखा उपाशी होतास म्हणावं, तर निघालास तेव्हा तुझी बंडी पोटावर बसत नव्हती. राहिला तो छापील कागद, ज्यात तिकडे मुठीएवढ्या स्ट्रॉबेऱ्या आणि समुद्रात लहान मुलाएवढ्या शेवंडी मिळतात असं लिहिलं होतं. तो तू पुन्हा पुन्हा वाचायचास. पण आपण शेवंड खायला आलो, हे पाळकांना कसं सांगायचं ते तूच ठरव.

आई बरी आहे, म्हणजे चालता येत नाही पण खाटेवरून सगळं घर चालवते. परवा तिने नेडच्या बायकोला पाव कसा कापायचा ते शिकवलं. नेडची बायको गेली चार वर्षं पाव कापते आहे. मी पूर्वीसारखीच वाड्यावरच्या गाईंचं चीज करते आणि त्यावर पूर्वीसारखाच मालकांचा शिक्का बसतो.

मेहिटेबल हे बाईचं नाव आहे की फळीवरून भांडी पडल्याचा आवाज? पण ती बोलली ते मला आवडलं. तिला फसवून लग्न करू नकोस. उसन्या कारणावर संसार करशील आणि मग ते मला परत कसं देशील?

एक विचारायचं आहे. तू उभा राहिलास तेव्हा सगळे गप्प होते का? म्हणजे मधेच कोणी तोंड घालतं का, की बोलणं संपेपर्यंत थांबतात? उभं कुठे राहायचं असतं? नोकरमाणसांनाही बोलू देतात का? आणि बायकांचं कसं? हे सगळं लिही. आईला ऐकायचं आहे.

टॅमसिन


ब्रॅकनफर्ड
११ जुलै १६३७

प्रिय टॅमसिन,

झाडावर चढलेल्या मांजरासारखी माझी गत होती, पण उतरलो एकदाचा. तुझ्या मदतीशिवाय उतरलो, हे नोंदवून ठेव.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात नदीपलीकडचा एक म्हातारा माझी मक्याची पेरणी बघायला आला होता. तो इथलाच, आमच्या आधीपासूनचा. टेकाडात मासा पुरून वर मक्याचे दाणे टाकायचे हे मला त्यानेच शिकवलं. त्याला आपली भाषा बरी येते. तोही विचारायला लागला, तुम्ही लोक इतके दुरून का येता? मी कपाळाला हात लावला. बराच वेळ माझ्या सरपणाच्या ढिगाकडे बघून तो म्हणाला, "तिकडचं जळण संपलं का?" त्यांच्यात आसपासचं लाकूड संपलं की वस्ती हलवतात. मी हसणार होतो, मग आपलं गावचं रान आठवलं. मालकांनी त्याला कुंपण घातलं त्या हिवाळ्यात आपण खुर्ची जाळली होती. मी म्हणालो, हो, एका अर्थी संपलं. त्याने मान डोलावली. मग म्हणाला की माझं शेत आहे तिथे त्याच्या मामाचं घर होतं, मोठी साथ आली त्यात घरचे सगळे गेले. जमीन इतकी आयती मोकळी का मिळाली ते मला तोवर कळलं नव्हतं. आता खुरपताना मडक्याचा तुकडा लागला की मी तो बांधावर नेऊन ठेवतो. त्याने काय होणार, कुणास ठाऊक, पण फेकवत नाही.

त्या रविवारी मी पुन्हा उभा राहिलो आणि सरळ सांगून टाकलं. यायचं होतं माझ्या बहिणीला, आई पडली, भाडं भरलेलं होतं, म्हणून मी आलो. माझ्यापाशी कारण नाही. बाकांवर हसू पसरलं. पाळकांनी हात वर केला आणि विचारलं, "मग परत का गेला नाहीत?" याचा मी विचार केलेला नव्हता, म्हणून जे तोंडात आलं ते बोललो. पहिल्या हिवाळ्यात मी तापाने पडलो तेव्हा माझ्या दाराशी रोज सकाळी कोणीतरी फोडलेली लाकडं ठेवून जायचं. कोण ते मला अजून माहीत नाही, विचारलं तर सगळे दुसऱ्याचं नाव सांगतात. ते कोण हे कळेपर्यंत तरी मला इथून हलता येत नाही. एवढं बोलून मी बसलो. पाळक म्हणाले, बायबलातला अब्राहामही आपण कुठे जातो हे न जाणता निघाला होता. आणि मला घेतलं.

बाहेर मेहिटेबल म्हणाली, "का आलात ते नाहीच सांगता आलं तुम्हाला. पण का राहिलात ते ऐकलं, तेवढं पुरे." लग्न सप्टेंबरात आहे. तुझा एक झगा तिला बसतो. दुसऱ्याची मी पहिल्या हिवाळ्यात खिडकीची फट बुजवली, रागावू नकोस.

आईच्या प्रश्नांची उत्तरं: सगळे गप्प असतात. माणूस संपेपर्यंत खोकायचीही चोरी. उभं राहायचं मधोमध, पाळकांसमोर. गेल्या साली एक नोकर इतका वेळ बोलला की त्याचा मालक पेंगला, पण त्याला बस म्हणायची कोणाची छाती झाली नाही. तुम्हा बायकांची मात्र चैन आहे. तुम्हाला उभं राहावंच लागत नाही. पाळक घरी येतात, चुलीपाशी बसून चार गोष्टी विचारतात आणि मग मंडळीत आपल्या शब्दांत वाचून दाखवतात. मेहिटेबलचं तर वाटाणे सोलता सोलता आटोपलं. वाचलं तेव्हा ती इतकी गरीब गाय निघाली होती की तिला स्वतःचीच ओळख पटेना. मला वाटलं, मी बाई असतो तर केवढा घाम वाचला असता.

तुझा
अँब्रोज


ब्रॅकनफर्ड
१४ जून १६३८

प्रिय टॅमसिन,

वसंतातली सगळी जहाजं येऊन गेली. तुझं पत्र एकाही जहाजात नव्हतं. नेडच्या मात्र दोन ओळी आल्या. आई जानेवारीत गेली, शेवटी त्रास झाला नाही, टॅमसिन बरी आहे पण फार बोलत नाही, एवढंच.

मी ते शेतातच वाचलं. मेहिटेबलने बैल सोडून आणले. आई पुन्हा दिसणार नाही हे निघतानाच ठाऊक होतं, तरी इतके दिवस मनात ती खाटेवर बसून कोणाला तरी काहीतरी शिकवतच होती. ती गेल्यावर पाच महिने मी तिला जिवंत धरून चाललो होतो, हे मला फार लागलं.

तू फार बोलत नाहीस हे नेडने लिहिलं, म्हणजे तू मुळीच बोलत नसणार. आईचं दुःख आहे, समजतं मला. पण आता तुला तिथे कोण अडवतंय? नेडच्या घरात त्याची बायको आहे. इकडे ये. गाय आहे, तिला वासरू झालं आहे, तुझा दाब रोज चालतो. आमचं चीज इतकं वाईट होतं की परवा ते दार उघडं राहावं म्हणून लावलं. तू आलीस तर गाव वाचेल. एक ओळ तरी लिही.

तुझा
अँब्रोज


लिटल हॅडलो
२ सप्टेंबर १६३८

अँब्रोज,

तुला वाटतं मी आईसाठी गप्प आहे. आईसाठी मी रडले, पोटभर रडले, आणि मग दूध नासायला नको म्हणून कामाला लागले. गप्प झाले ते त्याच्या आधी, तुझं वाटाण्यांचं पत्र आलं तेव्हापासून.

तुला माझं कारण हवं होतं ना. आता देऊन टाकते, कारण आता ते माझ्याही उपयोगाचं राहिलं नाही.

तू जायच्या आदल्या वर्षी बाजारात कोणीतरी तिकडून आलेलं पत्र मोठ्याने वाचून दाखवत होतं. लोकांना जमिनीचं ऐकायचं होतं, माशांचं ऐकायचं होतं. त्यात मधेच एक गोष्ट होती, एका घरच्या मोलकरणीची. ती मंडळीत उभी राहिली, तिला विचारलं की तुझ्या मनात काय आहे, तू इथवर का आलीस. ती बोलली, आणि ती बोलत होती तोवर मोठमोठी माणसं टोप्या काढून गप्प बसली होती. वाचणारा पुढे माशांकडे वळला. मी तिथेच उभी राहिले, टोपलीतलं लोणी वितळेपर्यंत.

अँब्रोज, मी एकतीस वर्षांची आहे. मला आजवर विचारलेले प्रश्न म्हणजे चीज लागलं का, गाय दूध का चोरते आणि आईला काय हवंय. शेवटच्या दिवशी आई म्हणाली, अँब्रोजला पाठवलं ते बरं झालं ना. मी हो म्हणाले. ती विचारत नव्हती, सांगत होती. तुझ्यावर राग नाही. तू जिथे उभा राहून घामाघूम झालास तिथे उभं राहायला मी समुद्र ओलांडणार होते, एवढंच. तुला ते दोनदा मिळालं.

आणि आता तू लिहितोस की बायकांचं चुलीपाशीच आटोपतं. मग तीन हजार मैल कशाला? वाटाणे मी इथेही सोलते. मी येणार नाही.

वासरू झालं, आनंद आहे. दाबावर वजन हळूहळू वाढवत जा, एकदम टाकू नकोस. म्हणून तुमचं चीज दाराला लागतं.

टॅमसिन


ब्रॅकनफर्ड
७ मे १६३९

प्रिय टॅमसिन,

तुझं पत्र मी मेहिटेबलला वाचून दाखवलं. तिने ऐकलं, उठली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी. नावाला शोभेल असा आवाज झाला. मग म्हणाली, "मलाही कोणी विचारलं नव्हतं, कसं सांगायचं ते. मला वाटलं, असंच असतं." दुसऱ्या दिवशी मी गावात चौकशी केली. तुझ्या पत्रातल्या गावात असं नसतं, हे मला तेव्हा कळलं. त्या मोलकरणीचं गाव इथून दोन दिवसांवर आहे. तिथे बायका स्वतः बोलतात. आमच्याकडे नाही, आणि का नाही ते कोणाला सांगता येत नाही.

मी पाळकांकडे गेलो. ते म्हणाले, मनाई कधीच नव्हती, बायकांना संकोच होऊ नये म्हणून आपण घरी जातो. मी विचारलं, एखादीला संकोच नसेल तर? ते म्हणाले, तसं अजून कोणी विचारलं नाही. मग विषय मंडळीपुढे आला. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, संत पौलाने सांगितलंय, बायकांनी मंडळीत गप्प राहावं. तेव्हा बायकांच्या बाकावरून मेहिटेबल म्हणाली, "आणि पाळकांनी आमच्या नावाने बोलावं, हे पौलाने कुठे सांगितलंय?" पाळक पुस्तक चाळायला लागले. तेवढ्यात सगळ्यांच्या ध्यानात आलं की एक बाई मंडळीत बोलली आहे आणि छप्पर जागेवर आहे.

मग मी उठलो. मत मिळाल्यापासून मी ते फक्त डुकरांच्या कुंपणासाठी वापरलं होतं. मी म्हणालो, "मी तुमच्यासमोर उभा राहिलो ती जागा माझ्या बहिणीची होती. तिला बोलायचं होतं, म्हणून ती येणार होती. मला बोलायचं नव्हतं, आणि तुम्ही मलाच दोनदा उभं केलंत." कोणी हसलं नाही. हात वर झाले. थोडक्यात निभावलं, पण निभावलं. जिला स्वतः बोलायचं असेल ती बोलेल. पहिली मेहिटेबल उठली आणि म्हणाली, माझं पुन्हा घ्या. ती बोलली, टॅमसिन, सगळं बोलली, नदीचं, नवऱ्याचं, भावाचं. तिच्याशी लग्न करून मला पावणेदोन वर्षं झाली आणि त्यातलं अर्धं मला माहीत नव्हतं. म्हातारे गृहस्थ नाक पुसत होते.

तुझी जागा मी मोकळी करून ठेवली आहे. ये म्हणून मी पुन्हा सांगणार नाही. तुला येणं जमेल का, हे विचारतो.

तुझा
अँब्रोज

ता.क. वजन हळूहळू वाढवलं. आता चीज सुरीने कापलं जातं.


बोस्टन
१९ सप्टेंबर १६३९

अँब्रोज,

मी धक्क्याजवळच्या खानावळीत आहे. हे पत्र घेऊन येणाऱ्या माणसाला जेवू घाल आणि गाडी पाठव. सोबत पेटी आहे, आणि या खेपेस ती माझ्याच हातात आहे. आत झगे आहेत. खिडकीपासून लांब ठेवायचे.

जहाजात पहिले आठ दिवस मी फक्त मरायचं म्हणत होते. मग बरं वाटलं. तेव्हापासून रोज डेकवर उभी राहून मनातल्या मनात म्हणून बघते. पहिल्यांदा फार लांबलं, त्यात आई आली, मालकांचा शिक्का आला, तू आलास. तुला काढून टाकलं. मग फार आखूड झालं. काल उतरताना कुठे जरा जमल्यासारखं वाटलं. धक्क्यावरच्या कारकुनाने नाव विचारलं, वय विचारलं, काम काय येतं विचारलं. का आलीस ते विचारलं नाही. बरं झालं, त्याच्यावर फुकट गेलं असतं.

आता नीट ऐक. मला बोलायचं होतं, एवढं तू गावभर सांगून बसला आहेस, ते असो. काय बोलायचं होतं, ते तुलाही माहीत नाही. तेव्हा वाटेत, जेवताना, शेजारपाजारी, माझ्याबद्दल एक शब्द बोलू नकोस. बहीण का आली असं कोणी म्हणालं, तर आभाळाकडे बघ. मेहिटेबललाही सांग.

त्यांना मला विचारू दे.

टॅमसिन